वाचकांचे प्रश्न : चुकलेला सोमवार

श्रावण लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो आणि तो थेट कार्तिकी एकादशीपर्यंत तसाच राहतो. या वर्षी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या वर्षी माझा मुलगा डेंग्यूने आठ दिवस रुग्णालयात होता. तो बरा झाल्यावर मी सोळा सोमवारांचे व्रत करायचे ठरवले आणि यंदाच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ते धरले. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात शिलाई खात्यात आहे. सकाळी आठला घर सोडते आणि संध्याकाळी सव्वासातला परत येते. दहा सोमवार नीट पार पडले. अकराव्या सोमवारी दिवाळीच्या मालाची घाई होती, शेजारच्या मशीनवरच्या बाईंनी नातू झाल्याचे बुंदीचे लाडू वाटले आणि अर्धा लाडू खाऊन झाल्यावर मला वार आठवला. त्या संध्याकाळी मी पूजा केली नाही, चुरमा केला नाही आणि पुढच्या सोमवारी तर भीतीने देव्हाऱ्यापुढे बसलेच नाही. सासूबाई म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून सोळा धरावे लागतील. शेजारणीने सांगितले की अर्धवट व्रत अंगावर येते. मुलाला परवा नुसती सर्दी झाली तरी माझ्या पोटात गोळा आला. मी काय करावे?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सर्वात आधी मुलाविषयी. त्याची सर्दी हवा बदलल्याची आहे, लाडवाची नाही. ज्या शंकराच्या पायाशी आपण मूल बरे झाल्याच्या आनंदाने बसलात, तो अर्ध्या लाडवासाठी त्याच मुलावर उलटेल, असे मनात आणणेसुद्धा त्याच्या भोळेपणावर अन्याय करण्यासारखे आहे. आपण मूल बरे झाल्यावर व्रत धरले, म्हणजे ते कृतज्ञतेचे व्रत आहे. त्यात देण्याघेण्याची अट मुळातच नव्हती.

आता शास्त्राचे पाहू, कारण ‘अंगावर येते’ हे शब्द शास्त्राच्या नावाने सांगितले जातात आणि ऐकणाऱ्याची झोप उडवतात. महाराष्ट्रात व्रतांच्या निर्णयासाठी ज्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथाचा आधार घेतला जातो, तो काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केला. ते मूळचे कोकणातले, पण त्यांचे आयुष्य आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात गेले. या निबंधग्रंथांची, म्हणजे जुनी धर्मवचने एकत्र करून निर्णय सांगणाऱ्या ग्रंथांची, रीत अशी की आधी नियम सांगायचा आणि लगेच, तो ज्याला पाळता येणार नाही त्याच्यासाठी वाट सांगायची. विसराळूपणाने व्रतात खंड पडला तर काय करावे, याचेही वचन आहे. प्रायश्चित्त घ्यावे आणि ‘पुनरेव व्रती भवेत्’, म्हणजे माणसाने पुन्हा व्रती व्हावे, असे ते सांगते. ज्याचा नियम चुकला तो व्रताबाहेर फेकला गेला, असा त्याचा अर्थ नाही. त्याने परत यावे, एवढीच अपेक्षा आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की आपले व्रत लाडवाने चुकले नाही. लाडू अनवधानाने तोंडात गेला. वार आठवल्यावर उरलेला अर्धा बाजूला ठेवून, तोंड धुऊन, संध्याकाळी नेहमीसारखी पूजा केली असती तर तो सोमवार आपल्या हिशेबात धरावा, असेच मी म्हटले असते. खंड पडला तो त्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे न बसल्याने, आणि पुढच्या सोमवारी भीतीने दूर राहिल्याने तो वाढला. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पहिली चूक लहान असते, पण ‘आता मोडलेच’ या समजुतीने माणूस स्वतःच्या हाताने उरलेले मोडून टाकतो, आणि व्रते बहुधा अशीच सुटतात. जुन्या वचनात तीन दिवसांच्या उपोषणाचे प्रायश्चित्त आहे, परंतु दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईने ते करू नये असे मला वाटते. एखाद्या रविवारी एकभुक्त राहावे, म्हणजे दिवसातून एकदाच जेवावे, एका भुकेल्या माणसाला पोटभर जेवू घालावे आणि येत्या सोमवारी देवापुढे बसून, ‘माझा अकरावा सोमवार राहिला होता, तो आज करीत आहे’ असे आपल्याच शब्दांत सांगावे. पुढे सोळा पुरे होईपर्यंत चालू ठेवावे आणि सतराव्या सोमवारी उद्यापन करावे. सासूबाईंना मात्र ‘तुमचे चुकीचे आहे’ असे म्हणू नये. त्यांच्या पिढीने नियम कडक ठेवले म्हणूनच हे व्रत आपल्यापर्यंत पोचले. उद्यापनाच्या दिवशी पहिला नमस्कार त्यांना करावा.

वेळेची अडचणही आपण समजता तेवढी मोठी नाही. या व्रताची पूजा प्रदोषकाळी करतात आणि सूर्यास्तानंतरच्या सहा घटका, म्हणजे सुमारे दोन तास चोवीस मिनिटे, प्रदोष मानण्याची रूढी आहे. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य साधारण सहाला मावळतो. म्हणजे सव्वासातला घरी येऊन, हातपाय धुऊन, साडेसातला बसलात तरी हातात पाऊण तास उरतो. बेल आदल्या दिवशी आणून ओल्या फडक्यात ठेवावा. सिद्धेश्वराच्या देवळात जाणे झाले तर उत्तम. गर्दीमुळे किंवा बस चुकल्यामुळे झाले नाही, तर घरच्या पिंडीवर वाहिलेले पाणीही तिथेच पोचते. ज्यांच्या नावाने ते देऊळ तळ्याच्या पाण्यात उभे आहे, ते बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर कामालाच पूजा मानणाऱ्या शरण परंपरेतले. लोकांना पाणी मिळावे म्हणून तळे खोदण्याचे श्रम त्यांनी ईश्वरसेवा म्हणूनच केले. घामाने भिजलेल्या बाईला त्यांच्या दारात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

चुरम्याविषयी आपण विचारले नाही, तरी थोडे लिहितो, कारण कामावरून आल्यावर तोच सर्वांत जड वाटतो. कहाणीत अर्धा शेर कणीक सांगितली आहे, म्हणजे आजच्या मापाने पावणेपाचशे ग्रॅमच्या आतबाहेर. माझी आई सकाळीच कणीक मोजून, तुपाचे मोहन घालून, डब्यात झाकून ठेवत असे. संध्याकाळी ती घट्ट भिजवून तिच्या जाड दशम्या मंद तव्यावर खरपूस भाजायच्या, आणि त्या हाताला चटका बसेल इतक्या गरम असतानाच कुस्करायच्या, कारण निवल्या की त्यांचे खडे होतात. मग चिरलेला गूळ आणि पातळ तूप. तीन सारखे भाग करून एक देवाला, एक दुसऱ्यांना आणि एक स्वतःला. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नसे.

आईची आठवण निघाली म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. वडील गिरणीत होते आणि आम्ही चाळीतल्या एका खोलीत राहत असू. वडिलांची रातपाळी असली की ते सकाळी येऊन झोपत, आणि आईची सकाळची पूजा त्यांच्या उशापासून चार हातांवर चाले. घंटा वाजवल्याशिवाय पूजा पुरी होत नाही अशी तिची श्रद्धा होती. तिने जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून घंटेच्या लोलकाला गुंडाळली होती. ती घंटा हलवी. आवाज यायचा तो एखाद्या दाण्याने पितळेवर टिचकी मारावी एवढाच. रातपाळीचा आठवडा संपला की ती पट्टी सोडून, धुऊन, घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवी. व्रत ज्याने घेतले त्यानेच त्याचा भार उचलावा, घरातल्या दुसऱ्याच्या झोपेवर, पोटावर किंवा मनावर तो जाऊ देऊ नये, हे मला कोणी ग्रंथातून शिकवले नाही. आपल्या घरीही सोमवारी मुलाचे जेवण वेळेवर व्हावे आणि आपली भीती त्याच्या कानावर जाऊ नये, एवढे सांभाळावे.

प्रश्न : संकष्टीला आभाळ भरलेले असले आणि चंद्र दिसलाच नाही, तर उपवास कधी सोडावा? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वेळ दिलेली आढळते.
– एक वाचक, पंढरपूर रस्ता, सोलापूर

उत्तर : पंचांगात दिलेली चंद्रोदयाची वेळ झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावे आणि भोजन करावे, ढगांआड असला तरी चंद्र उगवलेलाच असतो. वेळेतला फरक गावामुळे पडतो. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंश रेखांशावर असल्याने आपल्याकडे चंद्र मुंबईपेक्षा साधारण दहाबारा मिनिटे आधी उगवतो, आणि पुष्कळ ठिकाणी मुंबईचीच वेळ छापलेली असते. दाते पंचांग तर आपल्याच सोलापुरातून निघते. ते घरी असेल तर त्यातले गावांप्रमाणे दिलेले कोष्टक पाहावे. लहान मुले किंवा वृद्ध ताटावर थांबलेली असतील तर त्यांना आधी वाढावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तुळशीची माळ आहे आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून त्यांनी एकही एकादशी सोडलेली नाही. गेली सहा वर्षे त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. गेल्या आषाढीला दुपारी त्या घामाने चिंब होऊन स्वयंपाकघरात कोसळल्या. तरी त्या ऐकत नाहीत. पंढरपूरच्या इतक्या जवळ राहून एकादशीला जेवले तर विठ्ठलाला तोंड कसे दाखवू, असे विचारतात. उपवासाला त्या साबुदाण्याची खिचडी खातात आणि संध्याकाळी साखर पुन्हा वर जाते. घरात यावरून रोज वाद होतात. माझे यजमान म्हणतात, तू समजाव.
– एक सून, सोलापूर

उत्तर : या पत्रातली काळजी खरी आहे आणि वेळ काढण्यासारखी नाही. इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले की रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, घाबरेपणा, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात, आणि अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तत्काळ साखरेचे पाणी द्यावेच लागते, मग त्या दिवशी कोणतीही तिथी असो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. पुढच्या एकादशीच्या आधी सासूबाईंना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, एकादशीचा विषय त्यांच्यासमोर उघडपणे काढा आणि इन्सुलिनची मात्रा व खाण्याच्या वेळा लिहून घ्या. मनाने मात्रा कमी करू नका आणि त्यांनाही करू देऊ नका.

दुसरी बाजू त्यांच्या श्रद्धेची आहे, आणि तिला ‘हट्ट’ म्हणू नका. चोपन्न वर्षांचा नेम हा त्या माउलीच्या आयुष्याचा कणा आहे. तिला समजवायचे तर ज्या परंपरेवर तिचा विश्वास आहे, त्याच परंपरेतून समजवावे लागेल. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य (यज्ञात अर्पण करण्याजोगे अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. ज्याला औषध चालते, त्याला त्या औषधासाठी लागणारे अन्नही चालले पाहिजे, असा अर्थ मी लावतो. कारण मधुमेहात सुई आणि घास ही एकाच औषधाची दोन अंगे आहेत. एकादशीच्या उपवासाच्या पायऱ्याही जुन्या वचनांत दिल्या आहेत. केवळ वायुभक्षण ही शेवटची पायरी. तिच्या खाली पंचगव्य, तूप, पाणी, दूध, तीळ, फळे अशी उतरण आहे, त्याहून खाली भाताखेरीज दुसरे अन्न, हविष्यान्न आणि अगदी पहिल्या पायरीवर नक्त, म्हणजे रात्री एकवेळ जेवणे. भात सोडून भाकरी खाणारा मनुष्यही या जिन्यावरच उभा आहे. ऐंशीच्या पुढे तर शास्त्र स्वतःच एकादशीच्या उपवासाची सक्ती काढून घेते. सासूबाईंना अजून सहा वर्षे आहेत हे खरे, पण वचन करणाऱ्याने शरीर थकते हे जाणले होते, एवढे त्यातून नक्कीच दिसते.

साबुदाण्याविषयी. तो बनतो एका परदेशी कंदाच्या पिठापासून आणि जुन्या निबंधकारांनी तो पाहिलाही नव्हता. त्यात जवळजवळ सगळा पिष्टच असल्याने मधुमेह्याला तो भाकरीहूनही वाईट पडतो. पाव ताटभर खिचडी खाऊन एकादशी ‘पाळली’ आणि अर्धी भाकरी खाऊन ‘मोडली’, ही समजूत चालीरीतीतून आली आहे. विठ्ठलाने ती घातलेली नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे यांपैकी किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आपल्याकडची नेहमीची शेंगाचटणी लसणाची असते. त्यांच्यासाठी जिरे, मीठ आणि मिरची घालून वेगळी कुटून ठेवल्यास जेवणाला चव येईल आणि आपल्यासाठी कोणी कुटली याचे त्यांना बरे वाटेल. ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीला मात्र पाणी कदापि सोडू देऊ नये. त्या दिवसांत सोलापूरचा उन्हाळा धडधाकट माणसालाही आडवा करतो.

आता आपल्या यजमानांच्या ‘तू समजाव’विषयी. ज्याला स्वतः व्रत करणे अशक्य झाले, त्याच्या वतीने ते कोणी करावे याची यादी ग्रंथांत आहे आणि तीत मुलाचे नाव आहे. सासूबाईंच्या एकादशीचा निराहार उपवास यापुढे त्यांच्या मुलाने धरावा. त्यांनी आईजवळ बसून, ‘आई, तुझी एकादशी आता माझ्याकडे दे, तू माझ्यासाठी हरिपाठ म्हण,’ असे एकदा मनापासून म्हटले, तर जे सहा वर्षांच्या वादाने झाले नाही ते होण्याची शक्यता आहे. उपवास सुटला तरी त्यांची माळ, हरिपाठ, रात्रीचा जागर, द्वादशीचा नैवेद्य हे सगळे त्यांच्याच हाती राहील. सुनेने हे सांगितले की ते बंधन वाटते. पोटच्या मुलाने मागून घेतले की तो वारसा होतो. यजमानांना कामाची अडचण वाटत असेल, विशेषतः द्वादशी सकाळी लवकर संपत असेल आणि त्याआधीच घर सोडायचे असेल, तर तुळशीपत्र घालून पाण्याचा घोट घेतला तरी पारणे होते, अशी सोय आहे. तेव्हा सबब उरत नाही.

प्रश्न : माझी आई दर वर्षी कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला चालत जात असे. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी ती म्हणाली होती की अकरा वर्षांचा नेम धरला होता, आठ झाली. राहिलेली तीन मी करावीत असे तिने थेट म्हटले नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. माझा गुडघा दुखावलेला आहे आणि मी एका दुकानात नोकरीला आहे. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळत नाही. आईचे व्रत अपुरे राहिले का?
– एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : नाही, राहिले नाही. धर्मकृत्य हाती घेऊन ते पुरे होण्याआधी जो देह ठेवतो, त्याला त्याचे पूर्ण फळ मिळते, असे स्मृतिवचन आहे. आपल्या आईची अकरा वर्षे देवीच्या दरबारात पुरी झाली आहेत आणि त्या तीन वर्षांचे ऋण आपल्यावर नाही.

तरीही आपल्याला जावेसे वाटते, आणि त्या वाटण्याला मी अडवणार नाही. फक्त ते ऋण म्हणून नव्हे, आपले स्वतःचे व्रत म्हणून करावे आणि आपल्या गुडघ्याच्या व नोकरीच्या मापाने त्याचा संकल्प करावा. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानीची मूर्ती पलंगावर निद्रेसाठी ठेवतात आणि पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर बसते. त्या दर्शनासाठी लोक रात्रभर चालतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि आपण ते पूर्ण चाललेच पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही. ‘शेवटचे पाच किलोमीटर पायी’ असा संकल्प केला तर तोही पुरा संकल्पच आहे. तोंडातून ‘दर वर्षी’ हा शब्द मात्र काढू नका. ‘यंदा’ म्हणा, आणि पुढच्या वर्षी गुडघा व सुट्टी पाहून पुन्हा ‘यंदा’ म्हणा. पौर्णिमेला रजा मिळालीच नाही तर त्या दिवशी आपल्या गावातल्या रूपाभवानीला आईच्या नावाने ओटी भरावी आणि तुळजापूरला सवडीच्या एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी जाऊन यावे.

आईबरोबर वाटेने चालणारा बायकांचा मेळा असणार. त्यांच्यापैकी कोणी अजून जात असतील तर त्यांना आधी भेटा. आई कुठे थांबत असे, चहा कुठे घेत असे, कोणत्या वळणावर पाय चोळत बसे, हे त्यांना ठाऊक असेल. पट्टा बांधून, पाण्याची बाटली घेऊन, त्यांच्यातल्या ज्या हळू चालतात त्यांच्याबरोबर चाला.